उकळी

महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा,
म्हणून शुक्रवारीच मी रविवार कारंजावरून
अर्धा किलो काळे मनुके आणते,
देठ खुडते, कोमट पाण्यात भिजत घालते.
शनिवारी कुस्करून, मलमलच्या फडक्यातून गाळून
रसाला एक उकळी. उकळी महत्त्वाची.
बावीस वर्षं. त्याआधी सासूबाई करायच्या.
शरणपूरच्या आमच्या मंडळीत कुणी विचारत नाही रस कसा होतो,
जसं कुणी विचारत नाही सतरंज्या कोण झटकतं.

हनोख पाठारे दिंडोरीकडच्या वायनरीत लागला
तेव्हा त्याच्या आईनं उपासनेनंतर पेढे वाटले.
कारखान्यात लागला म्हणाली. कशाच्या, ते नाही.
मीही दोन खाल्ले.
पुढे दशांशाच्या पाकिटावर कंपनीचा शिक्का दिसला
आणि पंचकमिटी बसली.

भांबळ मास्तर म्हणाले, ज्या हाताला पिंपाचा वास
त्या हातानं लेकरांना शास्त्र शिकवायचं नाही.
कुणी कानाच्या लग्नाचं काढलं.
तो रस होता, मास्तर म्हणाले, ताजा.
मग भोजनकारभारी एवढा खूश कशानं झाला?
दोघांना हसू आलं. पाळकांनी घसा खाकरला.
मग पुण्यामुंबईच्या मंडळ्या निघाल्या,
तिथं काय काय चालवून घेतात:
काडीमोड झालेले पुन्हा वेदीसमोर,
लग्नावाचून एका छताखाली राहणारी पोरं गायनमंडळात.
एक दोर ढिला केला की सगळा तंबू बसतो,
मास्तर म्हणाले.
मला ते पटलं. आजही पटतं.

मी हात वर केला.
रूबेनला द्वारकेच्या चौकातून रिक्षात घालून आणणारे
ते दोघं कोण होते, मला कधी कळलं नाही.
त्याच्या सदऱ्याचा तो गोडसर, आंबूस वास
मी चौदा वर्षं धुतला.
ज्यांच्या घरात बाटली फुटलेली नाही
त्यांनी मला दया शिकवू नये.
सात विरुद्ध दोन. इतिवृत्तात माझं नाव आहे.

तेव्हापासून हनोख मागच्या बाकावर बसतो.
दशांश देतो, पाकीट कोरं.
रविवारशाळेची पोरं विचारतात, सर का येत नाहीत?
मी म्हणते, कामं असतात त्यांना.
खोटं बोलण्यावर अजून ठराव झालेला नाही.

एप्रिलातल्या शनिवारी रस गाळला आणि सिलिंडर संपला.
सकाळी बघू म्हणून पातेलं झाकून ठेवलं.
पहाटे झाकण उचललं
आणि रूबेन घरात आला.

कडेनं चढलेला बारीक फेस.
एकेक बुडबुडा, खालून कुणी श्वास घेतंय तसा.
मास्तरांना फोन करायला हवा होता.
हनोखला केला.

कॅनडा कॉर्नरवरून तो स्कूटरवर आला,
पायाशी आईचा सिलिंडर.
पातेल्यावर वाकला, बोट लावलं नाही.
काकू, वरून काही घातलं?
नाही.
मग ते सालीवरच असतं, म्हणाला, वेलीवरूनच येतं.
उकळी चुकली की आपापलं जागं होतं.
काही घालावं लागत नाही.

शेगडीशी तो अर्धा तास उभा राहिला,
ढवळत, वाफ तोंडावर घेत.
मी खुर्चीत बसून होते, एवढी उजाडलेली सकाळ
आणि मला त्याला चहासुद्धा विचारायचं सुचलं नाही.

त्या दिवशी प्याले वाटले गेले.
मागच्या बाकाकडे मी पाहिलं नाही.
माझं मत बदललेलं नाही, हे लिहून ठेवते,
कारण असं काही घडलं की मत बदललंच पाहिजे
असं लोकांना वाटतं.

फडकं तीन वेळा धुतलं. डाग तसाच.
दोरीवरून काढताना मी ते नाकाशी धरते.
कशाचा वास येतो
ते अजून ठरत नाही.